बोलक्या पाटीचं कव्हर

येर्सेके या बंदराच्या गावात, शिंपल्यांच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईचा फोन पावाच्या पिशवीत असायचा. मुलांना शाळेत पावाचे तुकडे बांधून देतात ना, ती पातळ, पारदर्शक पिशवी. पन्नासांचं बंडल दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर मिळतं. फोन आत सरकवायचा, पिशवी पोटाशी दाबून आतली हवा काढायची, तोंडाला पीळ द्यायचा आणि शिंपल्यांच्या जाळीला बांधतात तो रबर त्यावर दोनदा गुंडाळायचा. मग खारं पाणी उडो, वाळू लागो, शिंपल्यांच्या धारदार कडा घासोत, फोनला काही होत नाही. मारित एकोणिसाव्या वर्षी पट्ट्यावर कामाला लागली तेव्हा शेजारी उभ्या असणाऱ्या आडाने तिला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. शिंपले कसे निवडायचे ते दुसऱ्या दिवशी.

म्हणून लेकीची, यिकेची, दुसरी बोलकी पाटी घरी आली तेव्हा मारितने ती खोक्यातून काढली आणि सुरू करायच्याही आधी पिशवीत घातली. छोट्या पिशवीत मावेना, तेव्हा अख्ख्या पावाची मोठी पिशवी घेतली. पोटाशी दाबली, पीळ दिला, रबर लावला. क्राइन, तिचा नवरा, दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, आता हिला बर्फात घाल, म्हणजे चार दिवस ताजी राहील. मारित हसली नाही. तो मग स्वतःच हसला आणि पिशवीवरची एक सुरकुती अंगठ्याने सारखी करून गेला.

पाटी म्हणजे दोन हातांत मावेल एवढं यंत्र. काचेवर चोवीस चित्रं, प्रत्येक चित्रामागे एक शब्द. बोट टेकवलं की त्या चित्राभोवती निळी चौकट उमटायची आणि बोट उचललं की एका लहान मुलीच्या आवाजात शब्द ऐकू यायचा. तो आवाज यिकेचा नव्हता. यिकेचा आवाज जरा घोगरा होता. पाचव्या वर्षापर्यंत ती इतकी बोलायची की क्राइन होडीवरून घरी आला की आधी पायातले बूट काढायचा आणि मग गमतीने कानांत कापूस घालायचा. मग तिचं बोलणं जड झालं. मग ते फक्त आईला कळायला लागलं. मग आईलाही कळेना.

डॉक्टरांनी कागदावर रेघ काढून दाखवली होती, मेंदूकडून निघालेला निरोप स्नायूंपर्यंत पोचायच्या आत वाटेत कसा विरतो ती. आधी जीभ, मग पाय, हात सगळ्यात शेवटी. हात किती दिवस, असं मारितने विचारलं, तर ते म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन. बाहेर गाडीत बसल्यावर कळलं की क्राइनने ‘दोन’ ऐकलं होतं आणि मारितने ‘तीन’. त्यावर दोघं पुन्हा बोलले नाहीत. या गोष्टीला दीड वर्ष होत आलं होतं.

तोवर यिके पाटीवर बोलायची. आणि बोलायची म्हणजे काय, तर चोवीस शब्दांत तिने घर डोक्यावर घेतलं होतं. आई, बाबा, ओमा, पाणी, होडी, बाहेर, दुखतं, नको, अजून, अशी सगळी कामाची चित्रं शाळेने घालून दिलेली. चोविसावं क्राइनने घातलं, जीभ बाहेर काढलेलं एक गाढव. त्यामागचा शब्द होता ‘बावळट’. यिकेला तो सगळ्यात आवडायचा. डॉक्टर बावळट, टोपी बावळट, उकडलेली कोबी बावळट. एकदा रविवारी चर्चमध्ये प्रवचन पाऊण तासाच्या पुढे गेलं, बाया दुसऱ्यांदा पेपरमिंटची गोळी तोंडात टाकत होत्या, आणि त्या शांततेत यिकेच्या मांडीवरून स्वच्छ आवाज आला, “बावळट.” पाद्री थांबले. क्राइनचे खांदे हलायला लागले. ओमाने, म्हणजे क्राइनच्या आईने, मान न वळवता रुमालात गुंडाळलेली गोळी काढली आणि यिकेच्या ओठांवर फिरवली. घरी जाताना पुलावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, “लांबलंच होतं त्यांचं जरा.”

ती पहिली पाटी. ती मार्च महिन्यात धक्क्यावर फुटली. क्राइनची होडी आत येत होती, वारा होता, यिकेला ‘होडी’ म्हणायचं होतं, आणि तिच्या चाकांच्या खुर्चीच्या फळीवरून पाटी घसरून दगडावर पडली. कोपऱ्याला तडा गेला. तशीच चालत होती, पण यिकेच्या तोंडातून लाळ गळायची, ती तड्यात उतरायची. शेडमधल्या बायांनी आपापलं शहाणपण दिलं. आडाने नखांना लावायचा पारदर्शक रंग तड्यात भरायला सांगितला, तो भरला. कुणीतरी टूथपेस्ट घासली की ओरखडे जातात म्हणालं. क्राइनने एका संध्याकाळी जुन्या गंजिफ्रॉकने ती इतकी घासली की काच दुधाळ झाली आणि चोवीस चित्रं धुक्यात गेली. आठवड्याने पाटी बंद पडली.

दुसरी मंजूर होऊन यायला अकरा आठवडे लागले.

ते अकरा आठवडे मारित कधी विसरली नाही. शाळेने पुठ्ठ्यावर तीच चोवीस चित्रं छापून दिली होती. यिके बोट ठेवायची आणि मोठ्यांनी शब्द मोठ्याने म्हणायचा. पण मोठी माणसं कधी पाठमोरी असायची, कधी भांडी घासत असायची, कधी फोनवर असायची, आणि पुठ्ठा कुणाला हाक मारत नाही. आठव्या आठवड्यात यिकेने पुठ्ठ्याकडे बघणं सोडलं. नवी पाटी आली तेव्हा ती तीन आठवडे तिला शिवलीच नाही. गप्प राहायचीसुद्धा सवय लागते, हे मारितने तेव्हा पाहिलं. आणि तेव्हाच तिने मनाशी ठरवलं की या काचेला नुसती हवाही लागू द्यायची नाही.

सप्टेंबरपर्यंत सगळं ठीक चाललं. मग शब्द गळायला लागले.

यिके बोट ठेवायची, निळी चौकट उमटायची, आणि विझायची. आवाज नाही. पुन्हा ठेवायची. पुन्हा विझायची. पाचव्या-सहाव्या वेळी कधी एखादा शब्द निघायचा. मारितने पिशवी उजेडात धरून पाहिली. पिशवी सैल झाली होती आणि लाळेने ओलं झालेलं बोट तिला चिकटत होतं. बोट उचललं की प्लास्टिकही त्याच्याबरोबर वर येतं, म्हणून पाटीला बोट उचललेलं कळतच नाही. मारितला इतकं हलकं वाटलं की ती खुर्चीवर बसूनच राहिली. दोष पिशवीचा होता. पिशवी बदलता येते.

तिने पिशवी काढून काचेवर अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक ताणलं. रोज सकाळी नवं. रात्रीच्या बटाट्यांच्या वाडग्यावर ताणायचं त्याच गुंडाळीतलं. पहिले दोन दिवस पाच-सात शब्द निघाले, मग तेही कमी झाले. आडा म्हणाली, बोटाला पावडर लाव, बाळाची. पावडर लावली. मग प्लास्टिकवर पांढरे ठसे दिसायला लागले, चित्रांवरून ओढलेले, लांब-लांब. मारित ते ओल्या फडक्याने पुसायची. ठसे लांब का, गोल का नाहीत, हा विचार तिच्या मनात आला होता की नाही, ते तिलाच माहीत.

शाळेत यिकेला बोलायला शिकवणाऱ्या युफ हिल्डे, म्हणजे हिल्डे बाई, शांत स्वभावाच्या होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांनी मारितला बाजूला घेतलं आणि विचारलं, एकदा काहीही न लावता पाहू या का, नुसत्या काचेवर. मारित म्हणाली, फुटली तर. हिल्डे म्हणाल्या, मी हातात धरेन. मारित म्हणाली, पहिलीसुद्धा कुणीतरी हातातच धरायला हवी होती. डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्राचा अर्ज पुन्हा पाठवते, इतकंच मग हिल्डे म्हणाल्या. ते यंत्र उन्हाळ्यात एकदा उसनं आणून पाहिलं होतं. यिकेची नजर एका चित्रावर ठरत नव्हती. लाल ठिपका पडद्यावर माशीसारखा फिरत राहिला आणि यिके थकून रडली होती.

मग ओमा म्हणाली, मी घालते कव्हर.

पीटर्नेल ओमाने गावच्या शाळेत चाळीस वर्षं पुस्तकं दुरुस्त केली होती. अजूनही शाळा सुरू झाली की गल्लीतली मुलं पिशव्या भरून पुस्तकं तिच्याकडे आणायची, कव्हर घालायला. कागदाची कव्हरं कुणीही घालतं, पण मागून सोलून चिकटवायचं पारदर्शक प्लास्टिक लावावं तर ओमानेच. तिच्याकडे एक लोखंडी पट्टी होती, तिला क्राइनच्या लहानपणीचा लोकरी मोजा घातलेला. मागचा कागद बोटभर सोलायचा, मोजा घातलेली पट्टी मधून कडेकडे फिरवायची, पुन्हा बोटभर सोलायचा. इतर बाया बुडबुडे राहिले की सुईने टोचतात. ओमाला सुई कधी लागली नाही.

तिने आपल्या गुंडाळीतून तुकडा कापला, गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने काच पुसली, आणि कव्हर असं बसवलं की ते आहे हे बोट फिरवल्याशिवाय कळेना. मारितने स्वतः चित्र दाबून पाहिलं. “पाणी,” पाटी म्हणाली. ओमाने दाबलं. “ओमा,” पाटी म्हणाली. यिकेने बोट ठेवलं. निळी चौकट उमटली. विझली.

“सवय व्हायची आहे,” ओमा म्हणाली.

पण ती झाली नाही. आठवड्याने मारित म्हणाली, हे जाड आहे. ओमाने काढलं आणि दुसरं, पातळ आणलं. पाच दिवसांनी मारित म्हणाली, हे फार गुळगुळीत आहे, बोट घसरतं. ओमाने तेही काढलं आणि गूस शहरातल्या दुकानात बसने जाऊन तिसरं आणलं, जरा खरबरीत. प्रत्येक वेळी गरम फडकं, मोजा घातलेली पट्टी, मधून कडेकडे. प्रत्येक वेळी शेवटी ती स्वतःचं बोट एका चित्रावर ठेवायची आणि पाटी बोलायची. संधिवाताने ओमाची बोटं आल्याच्या गाठींसारखी झाली होती. सरळ होत नसत. पेला धरायला तिला दोन हात लागायचे.

शाळा आणि घर यांच्यामध्ये एक वही फिरायची. दिवसभरात शाळेत काय झालं ते हिल्डे तीत लिहायच्या, रात्री काय झालं ते मारित. नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी हिल्डेंनी लिहिलं होतं: ‘आज यिकेने बारा वेळा प्रयत्न केला. शब्द एकही नाही. बाराव्या वेळेनंतर तिने हात मांडीवर ठेवला.’

मारित शेडमधून थेट आली होती. अंगाला खाऱ्या पाण्याचा वास, बोटं सुजलेली. ओमा यिकेला भरवून स्वयंपाकघर आवरत होती. मारितने वही टेबलावर ठेवली आणि पाटी हातात घेतली.

“तुमचं हे पुस्तकांचं प्लास्टिक आहे, ओमा,” ती म्हणाली. “पुस्तकांना चालतं. पुस्तकांना बोलायचं नसतं.”

ओमाने नळ बंद केला. हात पुसले. वहीतलं वाचायला चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला.

“अजून एक प्रकार आहे,” ती म्हणाली. “नकाशांना लावतात तो. सगळ्यात पातळ.”

“आणा मग.”

ओमाने शुक्रवारी तो आणून लावला. मारितने तिला बस म्हटलं नाही, कॉफी विचारली नाही. शेडमध्ये तिने आडाला सगळं सांगितलं, म्हातारीला वाटतं जगात सगळं पुस्तकासारखं गुंडाळता येतं. आडा शिंपले निवडत राहिली. एक फुटका तिने बाजूला टाकला. मग म्हणाली, “माझ्या फोनवर गेली वीस वर्षं पिशवी आहे गं. कधी अडलं नाही.” मारित म्हणाली, तुझी बोटं जाड आहेत. आडा म्हणाली, बरं. नेहमी आडा अशा बोलण्याला उलट दोन टोमणे मारायची. त्या दिवशी तिने एकही मारला नाही, आणि मारितला त्याचाच राग आला.

रविवारी होड्या धक्क्यालाच असतात. सगळे चर्चला जाऊन आले. ओमाच्या घरी रविवारचे बटाटे शनिवारीच सोलून पाण्यात ठेवलेले असायचे. रविवारी ती सुई, कात्री, विणकाम कशालाही हात लावत नसे, बटण तुटलं तर सोमवारपर्यंत तुटलेलंच राहायचं. जेवणाआधीच्या कॉफीला मात्र ती मुलाकडे यायची. त्या दिवशीही आली. काळा झगा, पायात चर्चचे बूट, पर्समध्ये उरलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या. मारितने तिला कप दिला. दोघी हवेबद्दल बोलल्या.

यिके खिडकीजवळ खुर्चीत होती, पाटी तिच्या पुढच्या फळीवर. तिला काहीतरी म्हणायचं होतं. ते सगळ्यांना कळत होतं, कारण काही म्हणायचं असलं की तिच्या डाव्या भुवईचा कोपरा वर जायचा, बोलत होती तेव्हापासून. हात हळूहळू सरकत काचेवर गेला. निळी चौकट. विझली. पुन्हा. विझली. क्राइन कपात बघत राहिला. चौथ्या वेळी मारित उठली, फळीपाशी गुडघ्यांवर बसली आणि कोपऱ्यातून नख घालून ओमाचं कव्हर सोलायला लागली.

“अगं, ओरखडा पडेल,” क्राइन म्हणाला.

तिने ऐकलं नाही. नकाशांचं प्लास्टिक कुरकुरत निघालं. तिने ते चुरगाळून एप्रनच्या खिशात टाकलं. काच उघडी पडली. कव्हर बदलतानाचे दोन क्षण सोडले तर ती कधीच उघडी नव्हती, आणि ती इतकी चकचकीत आहे हे मारितने कधी नीट पाहिलंच नव्हतं. तिने भांडी पुसायच्या फडक्याने ती पुसली, यिकेचं बोट पुसलं आणि मागे सरकली.

“बोल आता,” ती म्हणाली. “आता मध्ये काही नाही.”

यिकेने हात सरकवला. बोट टेकलं. निळी चौकट उमटली, आधीपेक्षा जास्त निळी. आणि मग मारितने ते पाहिलं, जे ती दोन महिने प्लास्टिकच्या आड बघत होती. यिकेचा खांदा उचलला. कोपर उचललं. मनगटसुद्धा थोडं उचललं. बोट उचललं नाही. ते काचेवर पडून राहिलं, जसा झोपेत कुणाचा हात पडून राहतो, आणि खांद्याच्या ओढीने खाली घसरत गेलं, चित्रांवरून, कडेपर्यंत. चौकट विझली. काचेवर लांब ठसा उरला.

यिकेने पुन्हा केलं. तसंच झालं. तिसऱ्यांदा तिने केलं नाही.

मग मारितने स्वतःचं बोट ठेवून उचललं. “पाणी,” पाटी म्हणाली. तिला काय बघायचं होतं कोण जाणे.

“माझ्या बोटानेही बोलते ती,” ओमा मागून म्हणाली. तिने आपला वाकडा हात पुढे केला नव्हता, तो मांडीवरच होता. “या असल्या बोटांनीही, पोरी. सगळ्या कव्हरांवरून बोलली. पहिल्या दिवसापासून.”

मारितने मान वळवली. “मग बोलला का नाहीत?”

“तू प्लास्टिकवर रागावली होतीस.” ओमाने पर्सची कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. “म्हटलं, रागाव. दुकानात अजून दोन-तीन प्रकार होते.”

क्राइन उठला. होडीवर काही राहिलंय म्हणाला. रविवारी होडीवर कुणाचं काही राहत नाही. दाराशी जाऊन तो थांबला, पण बाहेर गेला नाही. दाराच्या खुंटीवरचा यिकेचा पिवळा रेनकोट त्याने उगाच सरळ केला आणि तिथेच उभा राहिला.

मारितने यिकेचं मनगट हातात घेतलं. थंड होतं. तिने ते काचेवर नेलं नाही. ते जिथे जायला बघेल तिथे जाऊ दिलं, फक्त खालून आधार दिला, आणि बोट टेकल्यावर चौकट उमटली तेव्हा आपल्या दोन बोटांनी ते बोट वर उचललं. पाटी लगेच बोलली.

“पाणी.”

क्राइन धावत पेला घेऊन आला. नळीची कड यिकेच्या ओठांना लावली. यिकेने ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

“म्हणजे पाणी नव्हतं,” मारित म्हणाली. तिने हनुवटी पुसली आणि पुन्हा मनगट धरलं. बोट दोन चित्रांच्या मधल्या रेषेवर टेकलं, थरथरलं, एका बाजूला कललं. तिने उचललं.

“होडी.”

“होडी धक्क्याला आहे,” क्राइन वाकून म्हणाला. “आज रविवार. उद्या जाणार.” यिके त्याच्याकडे बघत होती. भुवईचा कोपरा अजून वरच होता. तो खाली आला असता तर कळलं असतं, की हो, हेच. मारितने आणखी एकदा उचललं आणि पाटी ‘दुखतं’ म्हणाली. तिने घाबरून यिकेचा सदरा वर करून पोट दाबून पाहिलं, पाय पाहिले, पायमोजे काढून बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. काही नव्हतं. पुढचा शब्द ‘नको’ होता. तो यिकेचा होता की मारितच्या हाताचा, की काचेवर बोट जिथे घरंगळलं तिथल्या चित्राचा, हे त्या घरात कुणालाच सांगता आलं नसतं. मारित म्हणाली, बरं, नको तर नको, आणि तिने यिकेचा हात अलगद मांडीवर ठेवला, तळवा वर करून. तो तसाच राहिला.

भुवईचा कोपरा मग हळूहळू खाली आला. यिके खिडकीबाहेर बघायला लागली.

बटाटे उकळत होते, त्याचं झाकण वाजत होतं. कुणी उठलं नाही. मारित फळीवरच्या काचेकडे बघत होती. तिच्यावर ठसे होते. यिकेचे लांब, तिचे स्वतःचे गोल.

“उघडी आहे,” ती म्हणाली. “फळीवरून घसरली तर फुटेल.”

ओमा उठली. कोट न घालताच बाहेर पडली. दोन घरं पलीकडे तिचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा एका हातात प्लास्टिकची गुंडाळी होती, काखेत मोजा घातलेली पट्टी, आणि दुसऱ्या हातात कात्री. क्राइनने कात्री पाहिली. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने गॅस बारीक केला आणि टेबलावरचे कप उचलून जागा करून दिली.

मारितने पाटी टेबलावर ठेवली आणि फडकं गरम पाण्यात बुडवून पिळून दिलं. ओमाने सगळे ठसे पुसून काढले, लांबही आणि गोलही. काच कोरडी केली. प्लास्टिक मापाने कापलं. मागचा कागद बोटभर सोलला आणि म्हणाली, “धर ती बाजू.” मारितने धरली. पट्टी मधून कडेकडे फिरली, पुन्हा बोटभर, पुन्हा मधून कडेकडे. यिके मान कलती करून ते बघत होती. पुस्तकांना कव्हर घालताना ओमाजवळ बसून ती लहानपणी असंच बघायची, आणि मध्ये मध्ये विचारायची, संपलं का, संपलं का. शेवटच्या कडेशी ओमाने पट्टी जरा जास्त वेळ दाबून धरली.

एकही बुडबुडा राहिला नाही.